कपाटातला नीळकंठ

दसरा जवळ आला, आपट्याच्या पानांचे ढीग रस्त्याच्या कडेला दिसू लागले, की ती चोरी मला हटकून आठवते. नोकरीत दरोडे पाहिले, खून पाहिले, दंगलीत डोकं फोडून घेतलं. पण कुणी म्हणालं, साहेब, एखादी केस सांगा, की माझ्या तोंडी आधी पेंढा भरलेल्या पक्ष्याचीच गोष्ट येते. घरातले म्हणतात, झालं, निघाला यांचा पक्षी. निघू द्या. नावं मात्र कुणाचीही घेणार नाही.

तेव्हा मी बुलढाणा जिल्ह्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ठाणेदार होतो. खंडेनवमीचा दिवस. ठाण्यात शस्त्रपूजेची तयारी चालली होती. रायफली टेबलावर ओळीनं मांडलेल्या, त्यांच्यावर झेंडूची फुलं, आणि आमचे जमादार नारळ हातात घेऊन फोडायच्या बेतात. तेवढ्यात तिथल्या कॉलेजातल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम आत आल्या. पन्नाशीच्या बाई, सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात दुर्बीण. कॉलेजचं निसर्ग संग्रहालय त्या सांभाळत. एक लांबलचक हॉल, बाटल्यांतले साप, वाघाची कवटी, काचेच्या कपाटात पेंढा भरलेले पक्षी, प्रत्येकाखाली कुठं आणि कधी सापडला याची चिठ्ठी. दर शनिवारी जिल्हा परिषदेच्या शाळांची पोरं तिथं यायची आणि मॅडम त्यांना घसा बसेपर्यंत सांगायच्या. मीही एकदा पाहुणा म्हणून गेलो होतो. वाघाच्या कवटीपुढं माझी नजर गेली नव्हती.

मॅडम म्हणाल्या, कपाटातला नीळकंठ चोरीला गेला. कुलूप तोडलेलं नाही, किल्लीनं उघडलेलं आहे. मी विचारलं, किंमत किती? त्या म्हणाल्या, काहीच नाही, कुणी फुकटही घेणार नाही.

माझा पारा चढला. उद्या दसरा, तीन गावांत देवीची मिरवणूक, अर्धी माणसं बंदोबस्ताला, आणि ह्या बाई भुसा भरलेलं पाखरू घेऊन आल्या. म्हणजे पाखरूही नाही, ते हरवल्याची तक्रार. मी म्हणालो, अर्ज लिहून ठेवा, दसरा उरकला की बघू.

त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. म्हणाल्या, "साहेब, त्या पक्ष्याला सोमल लावलेला आहे."

मग त्यांनी समजावलं. जुन्या काळी पक्षी टिकवताना कीड लागू नये म्हणून कातड्याला आतून सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकच्या विषाचा, लेप देत. हा नीळकंठ कॉलेज निघालं त्या सुमाराला भरलेला. काचेत आहे तोवर कुणाला धोका नाही. पण कुणी तो हाताळला, ओला केला आणि ते कुणाच्या पोटात गेलं, तर माणूस हातचा जाईल.

मी म्हणालो, पण मॅडम, पेंढा भरलेला पक्षी खाणार कोण? यावर आमचे जमादार नारळ तसाच हातात धरून पुढं आले. माणूस त्याच पट्ट्यातला, निवृत्तीला टेकलेला, एरवी विचारल्याशिवाय बोलत नसे.

"सायेब, उद्या दसरा हाय," ते म्हणाले. "नीळकंठ कोणं विकाले नाही नेला, दर्शनाले नेला. दर्शनाले नेला म्हंजे पूजा होईन. पूजा आली की आंघोळ आली, अन् आंघोळ आली की तीर्थ आलं."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. आमच्या विदर्भात दसऱ्याला नीळकंठ दिसणं फार भाग्याचं मानतात. सीमोल्लंघनाला माणसं शिवेवर जातात ती सोनं लुटायला, तशीच ह्या पक्ष्याला पाहायला. तारेवर, बाभळीवर शोधत फिरतात. दिसला की हात जोडतात, मग घरी येऊन सोनं वाटतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. तरी ते माझ्या डोक्यात आलं नाही, जमादारांच्या आलं. वर्दी अंगावर चढली की माणूस आपल्याच घरातल्या गोष्टी विसरतो.

आता मॅडम खुर्चीवर बसल्या. तीर्थाचा विचार त्यांनीही केला नव्हता. फिर्याद लगेच दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली आणि पंच घेऊन आम्ही संग्रहालयात गेलो.

पंचनाम्यात एक गोष्ट नजरेत भरली. नीळकंठाची जागा रिकामी होती, पण फळी लख्ख पुसलेली. काच पुसलेली, कडा पुसलेली, शेजारच्या घुबडाची फळीसुद्धा पुसलेली. मी मनात म्हणालो, चोर सराईत आहे, ठसे ठेवले नाहीत. तसं कागदावर लिहिलंही. असा शहाणपणा माझ्या हातून नोकरीत बऱ्याचदा झाला आहे.

कपाटांची किल्ली दोघांकडे असे. एक मॅडमकडे, दुसरी परिचराच्या खोलीत खुंटीला. परिचर म्हणजे संग्रहालयाची देखभाल करणारा वयस्क माणूस, नोकरीचे चारच महिने उरलेले. त्याला ठाण्यात बोलावलं. जमादारांना बसस्टँडवर पाठवलं, कारण एवढी वस्तू लपवून न्यायची तर कुणाच्या तरी डोळ्यांत येणारच.

खबर तिथंच लागली. सोनाळ्याकडच्या गाडीच्या कंडक्टरनं सांगितलं, आदल्या संध्याकाळी एक बाई मांडीवर टोपलं घेऊन बसली होती, वरून लुगड्याचं फडकं बांधलेलं. गर्दीत कुणाचा धक्का लागू देत नव्हती. फडक्यातून निळं शेपूट दिसलं तेव्हा त्यानं कोंबड्याच्या तिकिटाचे पैसे मागितले. बाई म्हणाली, जितं नाही ते, मेलेलं हाय. हा म्हणाला, मेलेलं कोंबडं असं ताठ बसत नाही. दोघांची जुंपली आणि सगळी गाडी हसायला लागली. बाई कोण ते त्याला ठाऊक नव्हतं. सोनाळ्याच्या अलीकडं एका फाट्यावर ती उतरली. त्या फाट्यावरून चार-पाच खेड्यांना वाटा जातात.

बाई कोण, हे परिचराला माहीत असणार, हे उघड होतं. पण हा गडी तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेला. मी आवाज चढवला, टेबलावर हात आपटला, पेन्शनचा धाक घातला. तो एकदाच बोलला. म्हणाला, मले चोरायचंच असतं तं वाघाची कवटी नसती का नेली? तेवढ्यात मिरवणुकीच्या गावाहून निरोप आला की दोन मंडळांत बाचाबाची झाली आहे. त्याला घरी सोडून मला निघावं लागलं. जमादारांनी फाट्यावरच्या दोन गावांत विचारपूस केली. सणासुदीला पोलिसाची गाडी पाहून लोकांनी दारं लावून घेतली, एवढंच निष्पन्न झालं.

दसऱ्याच्या सकाळी परिचराला पुन्हा आणलं. मॅडम आधीच येऊन बसल्या होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, पक्षी आपण कशासाठी शोधतोय, हे तुम्ही यांना सांगितलंत का?

मी नव्हतं सांगितलं. तपासातली गोष्ट संशयिताला सांगायची नाही, ही आमची सवय. मॅडमनाच म्हणालो, तुम्ही सांगा. त्या परिचरासमोर बसल्या आणि सोमलाचं सांगितलं. परिचर उठून उभा राहिला.

"झाडणारी बाई रोज हातानं पुसते ते पाखरं," तो म्हणाला. "आमाले हे कोणं सांगितलंच नाही, मॅडम."

मॅडमनी खाली पाहिलं. सगळ्या जगाला सांगत आले, त्या म्हणाल्या, पोरांना सांगितलं, पेपरात लिहिलं, परिषदांत बोलले. जी बाई रोज फडकं मारते तिला सांगायचं राहिलं.

पुढचं भराभर बाहेर आलं. संग्रहालयाची झाडलोट करणारी एक बाई होती, रोजंदारीवर. तिची आठवण मला सोडा, मॅडमनाही झाली नव्हती. रोज गावाहून गाडीनं यायची. आठवडाभर ती परिचराला विचारत होती, हा नीळकंठ अस्सलच ना, कधीतरी उडत होता ना? यानं हो म्हटलं होतं. परवा किल्ली खुंटीवर उलटी टांगलेली दिसली तेव्हाच त्याला कळलं. पण ती त्याला लेकीसारखी, डब्यातली भाकरी अर्धी देणारी. म्हणून बोलला नाही. आणि ती लख्ख फळी? तिनं पक्षी नेतानाही हाताच्या सवयीनं कपाट पुसून घेतलं होतं. मी तिला सराईत ठरवून मोकळा झालो होतो.

गावाचं नाव कळताच निघालो. मी, जमादार, एक महिला शिपाई आणि मॅडम. रस्त्याला ट्रॅक्टर, बैलगाड्या, झेंडूच्या माळा घातलेल्या मोटरसायकली. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता आणि मला एकच दिसत होतं, कुणीतरी ओंजळ पुढं केलेली आहे. एवढी भीती मला गोळीबारातही वाटली नव्हती.

घर साधं, मातीच्या भिंतीचं. अंगण सारवलेलं, रांगोळी काढलेली. ओसरीवर पाट, पाटावर नीळकंठ. डोक्याला कुंकू, पायाशी झेंडू, पुढं नैवेद्याचं ताट. तिनं त्याचे पाय धुतले होते, खालच्या तबकात पाणी साचलं होतं. त्यातलं थोडं एका वाटीत घेऊन शेजारी खाटेवर टेकून बसलेल्या म्हाताऱ्याच्या उशाशी ठेवलं होतं. म्हातारा तिचा सासरा. त्याची एक बाजू अर्धांगवायूनं गेलेली. नवरा पुण्याकडं कंपनीत, तो दिवाळीलाच यायचा.

मी पुढं होऊन वाटी उचलली. वाटी भरलेली होती, पण त्यातून कुणी घोट घेतला की नाही हे कसं कळावं? मी ओरडूनच विचारलं, कोण प्यालं यातलं?

बाई ताटापासून मागं सरली. म्हणाली, कोणंच नाही. तू घेतलंस का, असं मी तिला दोनदा विचारलं.

"मामाजीच्या आधी मी कशी घेऊ?" ती म्हणाली.

मी म्हाताऱ्याकडं वळलो. त्यानं मान हलवली. तासाभरापासून वाटी उशाशी होती आणि त्यानं ती तोंडाला लावली नव्हती. सुनेला म्हणत होता, ठेव पोरी, घेतो मंग. मोठ्यांनी घेतल्याशिवाय धाकट्यांनी घ्यायचं नाही, ह्या एका रीतीपायी ती वाचली. तो कशापायी वाचला, ते त्यानं मला नंतर सांगितलं.

मॅडमनी सगळ्यांना साबणानं हात धुवायला लावले, जमादारांनाही. नैवेद्य आणि ताट बाजूला काढलं. पाणी बाटलीत भरून लाखेनं सील केलं. सुऱ्या, कट्टे, तलवारी मी खूप जप्त केल्या होत्या. तीर्थ मुद्देमालात घ्यायची ती पहिलीच वेळ. पंचांनी सह्या करताना आधी हात जोडले आणि मी त्यांना थांबवलं नाही.

जबाब घेताना बाई रडली नाही. तिला ही चोरी आहे, हेच पटत नव्हतं. दोन वर्षं मामाजी खाटेवर, ती म्हणाली. मागच्या दसऱ्याला सोनं दिलं तर हातात घेतलं नाही, नीळकंठ नाही दिसला तर दसरा कसला, असं म्हणून भिंतीकडं तोंड करून पडले. मला वाईट वाटलं. कालेजातला मी रोज पुसते. दोन दिवस आणते, त्यांना दाखवते आणि एकादशीला जागच्या जागी ठेवते. देव काही कोणी विकते का, साहेब?

महिला शिपायानं तिला आत नेलं तेव्हा म्हाताऱ्यानं मला खूण करून जवळ बोलावलं. अर्ध्या तोंडानं बोलायचा, पण शब्द कळत होते.

"लेकरानं मायेनं आणलं, तिले नाही कसं म्हणू?" तो म्हणाला. "पण कोंडेल पाखराचं दर्शन नसते, सायेब. तो आपल्या मनानं दिसला पाहिजे. म्हणून मी वाटी तशीच ठेवली."

पेंढ्याचा आहे हे त्याला पाहताक्षणी कळलं होतं. तिचा हिरमोड नको म्हणून तो तासभर त्याच्यापुढं मान लववून बसला होता.

केसचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. गुन्हा दाखल होता, तो मला गिळता येणार नव्हता. कागद कोर्टात गेले. कॉलेजनं कोर्टाच्या परवानगीनं तडजोड केली आणि प्रकरण मिटलं. बाईला आधी कामावरून काढलं. मॅडमनी अर्जांवर अर्ज केले, प्राचार्यांशी भांडल्या आणि काही महिन्यांनी तिला परत घेतलं. कपाटांवर मोठ्या अक्षरांत पाट्या लागल्या, आत सोमल आहे, हात लावू नये. झाडणाऱ्यांना हातमोजे मिळाले. नीळकंठ जागेवर परत बसला. डोक्यावरचं कुंकू मॅडमनी पुसलं नाही. संग्रहालयाच्या नोंदवहीत त्यांनी लिहिलं की डोक्यावरचा लाल रंग मूळचा नाही, पूजेचं कुंकू आहे. ती नोंद मी स्वतः वाचली आहे. शनिवारी शाळेची पोरं आली की नीळकंठाच्या कपाटापाशी आता मॅडम बोलत नाहीत, ती बाईच बोलते. म्हणते, हे मेलेलं हाय, याले पूजू नका, जितं पाहाले वावरात जा. पोरं तिचं ऐकतात.

लोक विचारतात, ह्या केसनं काय शिकवलं? एक तर हे, की धाक घातला की माणूस तोंड मिटतो आणि खरं सांगितलं की खरं बोलतो. परिचराला आदल्या दिवशीच सोमलाचं सांगितलं असतं, तर पूजा मांडण्याआधीच आम्ही त्या ओसरीवर असतो. मधली रात्र मी माझ्या हुशारीत घालवली. म्हाताऱ्यानं एक घोट घेतला असता, तर आज हे लिहायला माझा हात उचलला नसता. ही गोष्ट मी अजून स्वतःला माफ केलेली नाही. पण मनात घर करून बसलं आहे ते निराळंच, त्याच दुपारचं.

म्हातारा आणि सून, दोघांनाही डॉक्टरला दाखवणं भाग होतं. जीपमध्ये म्हाताऱ्याला मागच्या बाकावर टेकवून बसवलं. वाटेत मॅडमनी पिशवीतून एक वही काढली. त्या आणि त्यांचे विद्यार्थी वर्षानुवर्षं रस्त्याकडेच्या तारांवरचे नीळकंठ मोजत असत, कुठल्या खांबाशी किती, ते सगळं वहीत. आधीच्या पानांवर आकडे दाट होते, नंतर विरळ होत गेलेले. त्या म्हणाल्या, पुढं पाटाच्या पुलानंतर एक अजून आहे, दुपारी बसतो.

मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितली. पुलानंतरच्या तारेवर खरंच एक पक्षी होता. बसलेला नीळकंठ मातकटच दिसतो, निळा रंग तो उडाल्यावरच कळतो. म्हाताऱ्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू. तो म्हणाला, मले काहीच दिसत नाही. ड्रायव्हर टाळी वाजवायला निघाला तर मॅडमनी त्याचा हात धरला. आम्ही तो आपल्या मनानं उडायची वाट बघत बसलो. दोन्हीकडं कपाशी, ऊन कलायला लागलेलं. वायरलेसवर माझ्या नावाचा पुकारा झाला. मी सांगितलं, पंधरा मिनिटांत निघतो.

मग म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उजळला. चांगला हात आपोआप वर गेला, पांगळा त्याला भेटेना, तर सुनेनं तो उचलून जोडून दिला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग मला म्हणाला, "तुमाले दिसला का, सायेब?"

पक्षी उडाला तेव्हा मी म्हाताऱ्याकडंच बघत होतो. मला दिसला नव्हता.

माझे वडील वाशीमकडं गावी असत. माझ्या नोकरीतला एकही दसरा मी त्यांच्याबरोबर शिवेवर गेलो नाही. बंदोबस्तच असायचा. संध्याकाळी त्यांचा फोन यायचा आणि एकच प्रश्न, नीळकंठ दिसला का रे? मी चौकात काठी घेऊन उभा असायचो आणि म्हणायचो, हो, दिसला. ते म्हणायचे, मग झालं, आता सोनं वाटतो. दरवर्षी खोटं बोललो. त्यांना ते कळत असणार. कळूनही त्यांनी विचारायचं सोडलं नाही. ह्या गोष्टीनंतर कितीदा तरी वाटलं की एकदा, एकदाच रजा काढून गेलो असतो.

त्या म्हाताऱ्याशी मात्र खोटं बोलवलं नाही. म्हणालो, नाही दिसला, बाबा.

"मंग थांबू ना," तो म्हणाला. "घाई कायची हाय?"

आणि दवाखान्यात न्यायच्या त्या माणसानं माझ्यासाठी सरकारी जीप थांबवून धरली. पक्षी पुन्हा तारेवर येऊन बसला. सून, मॅडम, जमादार, सगळे माझ्याकडं न बघता समोर बघत होते. तो खाली झेपावला आणि पंख उघडले. तो निळा रंग मी पोरवयात पाहिला होता, त्यानंतर तेव्हाच.

आता खरं सांगता आलं असतं. खिशातून फोन काढला, हातात धरला. वडील जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती.